पट्टा सगळ्यात शेवटी

लाकडाच्या गिरणीत काम करणारा माणूस आधी कानांनी म्हातारा होतो, मग बोटांनी, आणि चेहऱ्याने सगळ्यात शेवटी. धारवाल्यांच्या बाबतीतही क्रम हाच होता. फक्त मध्ये एक गोष्ट अशी घडली की या क्रमात तिची जागा कुणी सांगून ठेवलेली नव्हती.

त्यांचं काम करवतीला धार लावण्याचं. गिरणीतली करवत म्हणजे सुताराच्या हातातली नव्हे. पोलादाचा लांबच लांब पट्टा, दोन टोकं जोडून गोल केलेला, एका कडेला दात. वर एक चाक, खाली एक चाक, आणि त्यांच्यावरून तो असा पळतो की दात दिसतच नाहीत, नुसती चंदेरी रेघ दिसते. समोरून गाड्यावर बसून ओंडका येतो, रेघेला भिडतो आणि त्याच्या फळ्या होतात. बघणाऱ्याला वाटतं, कापणं किती सोपं. सोपं असतंच, जोवर मागच्या खोलीत कुणीतरी एकेका दातापाशी थांबलेला असतो.

ती मागची खोली धारवाल्यांची. एक खिडकी, एक लांब बाक, भिंतीवर कानशी ओळीने टांगलेल्या. दुपारच्या सुट्टीत बोथट पट्टा उतरवून दोघं जण तो झोपलेल्या जनावरासारखा उचलून आत आणत. धारवाले आधी त्याला फडक्याने पुसत, मग दगडावर दात घासत, मग कानस घेत. शेवटी डोळे मिटून अंगठा फिरवत. डोळा फसतो, अंगठा फसत नाही, असं ते म्हणत. बोलणं इतपतच. दिवसभरात त्यांच्या तोंडून जेवढे शब्द पडत, तेवढे मालक एका फोनवर खर्च करत.

गिरणीचा एक नियम होता. फळी वाकडी निघायला लागली की आधी ओंडका नीट बसलाय का बघायचं, मग गाडा, मग चाकं, मग चाकांमधला ताण. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि एक फळी कापून बघायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते मेलं तरी कळत नाही. आणि पट्ट्याला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी, कारण पट्टा धारवाल्यांच्या हातून गेलेला असतो. चालत्याला हात लावू नये. आजवर एकदाही दोष पट्ट्यात निघाला नव्हता. धारवाल्यांच्या आयुष्यातला अभिमान म्हणाल तर एवढाच, पण तो पोलादाचा होता.

मग तो खिळा आला.

कुठल्याशा कुंपणाच्या झाडात कुणीतरी कधीतरी खिळा ठोकलेला. झाड वाढलं, सालीने खिळा गिळला, माणूस विसरला, झाड विसरलं. असे ओंडके हुडकायला गिरणीत एक माणूस असे. तो ओंडक्यावर हातोडीने ठोकून, कान लावून ऐके. छाती ठोकून बघणाऱ्या डॉक्टरसारखा, म्हणून त्याला सगळे 'वैद्य' म्हणत. त्या दिवशी वैद्याने ठोकलं, ऐकलं, मान हलवली आणि ओंडका पुढे सोडला. पट्टा खिळ्याला भिडला आणि तुटला. एक तुकडा खोलीच्या दारात उभ्या असलेल्या धारवाल्यांच्या कानाजवळून गेला आणि मागच्या लाकडी खांबात रुतून बसला.

कुणाला काही झालं नाही. ओरखडासुद्धा नाही. तो तुकडा उपसायला गेले तर निघेना, म्हणून तसाच ठेवला. दुसऱ्या दिवसापासून मालक त्याला छत्री अडकवायला लागले.

पण धारवाल्यांच्या आत काहीतरी रुतलं ते त्या छत्रीच्याही कामाचं नव्हतं. सकाळी यंत्र सुरू झालं, पट्ट्याचा सूं आवाज चढला की त्यांची छाती धडधडू लागे. तळहात ओले होत. झोप मधेच तुटे ती जुळत नसे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हात थरथरायला लागला. थरथरत्या हाताने लावलेली धार म्हणजे तोतऱ्याने म्हटलेलं गाणं. एक दिवस मालकांनी काही न बोलता पट्टा उचलून खिडकीच्या उजेडात धरून बघितला. मालकांनी शिवी दिली असती तर धारवाल्यांनी ऐकून घेतली असती. ते उजेडात धरून बघणं त्यांच्या जिव्हारी लागलं.

म्हणून ते दवाखान्यात गेले. दवाखाना घराच्याच रस्त्यावर, चार दुकानं सोडून. डॉक्टरीणबाई वयाने त्यांच्या लेकीएवढी. दोघी एका वर्गात होत्या. लहानपणी ती पोर सशाखाली घालायला भुसा न्यायला गिरणीत यायची, हातात पिशवी आणि नाकाला शेंबूड. आता तिच्या गळ्यात छाती तपासायची नळी होती. तिने सगळं नीट ऐकलं, नाडी बघितली आणि म्हणाली, "काका, ही भीती आहे. खरी भीती, लाजायचं कारण नाही. मेंदूला एकदा धक्का बसला की तो पुन्हा पुन्हा घंटा वाजवत राहतो. मी गोळी देते, रोज एक. लागू पडायला काही आठवडे जातील. मनाने बंद करायची नाही."

गोळी लागू पडली. आधी झोप आली, मग छातीतली धडधड गेली, आणि एका सकाळी धारवाल्यांनी कानस उचलली तर हात दगडासारखा स्थिर. मालकांनी पुन्हा कधी पट्टा उजेडात धरला नाही.

दर महिन्याला डॉक्टरीणबाई विचारी, "आणखी काही त्रास?"

धारवाले म्हणत, "नाही."

त्रास होता. पण सशाला भुसा नेणाऱ्या पोरीला तो सांगायचा कसा?

धारवाल्यांची बायको घराच्या पुढच्या खोलीत इस्त्रीचं दुकान चालवायची. सगळा रस्ता तिला वहिनी म्हणे. लेक लग्न होऊन गेल्यापासून घर दोघांचंच होतं, आणि खरं सांगायचं तर त्या दोघांनी हे एकांताचे दिवस वाया घालवले नव्हते. त्यांची एक खूण होती, जी दोघांनी कधी बोलून ठरवली नव्हती. गिरणीतल्या माणसाच्या कानामागे भुसा बसतो. एरवी तो कुणी काढत नाही. ज्या संध्याकाळी धारवाले मोरीत जास्त वेळ लावून कानामागून साबण फिरवत, त्या संध्याकाळी वहिनी इस्त्रीची वायर लवकर काढून ठेवी. आणि वहिनीच्या मनात असेल तर ती आधी गरम पाण्याची बादली मोरीत नेऊन ठेवी. संसाराची भाषा अशीच असते, तिच्यात क्रियापदं कमी.

गोळी सुरू झाल्यावर काही दिवसांनी धारवाल्यांचं शरीर त्यांना साथ देईनासं झालं. आधी इच्छाच मंदावली, मग इच्छा असली तरी अंग ऐकेना. ताठरता आली तर टिकेना. पहिल्या वेळी दोघंही हसली. दुसऱ्या वेळी ती हसली. तिसऱ्या वेळी कुणीच हसलं नाही, आणि त्यानंतर धारवाल्यांनी कानामागे साबण लावणं सोडून दिलं.

पण हातावर हात ठेवून बसणारा माणूस तो नव्हे. फळी वाकडी निघतेय ना, मग नियम ठरलेला आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आधी तंबाखू सोडली. तोंड कडू झालं, बाकी फरक नाही. मग सायकल सोडली, कारण सायकलच्या सीटने तिथल्या नसा दबतात असं कुणीतरी बोलताना ऐकलं होतं. गिरणीपर्यंत पायी जायला लागले. मग चहा. मग कमरेचा पट्टा जाऊन नाडी आली. मग नवी गादी लेकीकडे पाठवून दिली आणि जुनी, पाठीत रुतणारी, माळ्यावरून खाली काढली. जावयाला वाटलं सासऱ्यांचं किती प्रेम. प्रत्येक बदलानंतर एक फळी कापून बघायची असा नियम असल्यामुळे धारवाले अधूनमधून कपाळाला आठ्या घालून, परीक्षेला बसल्यासारखे बायकोजवळ जात आणि नापास होऊन भिंतीकडे तोंड करून झोपत.

एवढं सगळं झालं, पण गोळीवर त्यांचा संशय एकदाही गेला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं. गोळी म्हणजे पट्टा होता. ती आपलं काम चोख करत होती. चालत्याला हात लावू नये.

शेवटी ते वैद्याकडे गेले. वैद्य अंगणातल्या ओंडक्यावर हातोडी ठोकत होता.

"एका माणसाचं विचारायचं होतं," धारवाले म्हणाले.

"कुठल्या माणसाचं?"

"तू ओळखत नाहीस."

"वय काय?"

"असेल माझ्याएवढं."

"काम काय करतो?"

"कामाचं काय करायचंय तुला?"

"नाही, म्हटलं बसून आहे की उभ्याने."

"उभ्याने."

"त्रास काय आहे?"

धारवाल्यांनी आजूबाजूला बघितलं, खाली वाकून चिमूटभर भुसा उचलला, बोटांत चोळला आणि खाली बघूनच चार शब्दांत सांगितलं.

वैद्याने हातोडी ओंडक्यावर टेकवली. "बायको काय म्हणते?"

"माझी?"

"त्या माणसाची रे."

"काही म्हणत नाही."

"मग गंभीर आहे," वैद्य म्हणाला.

त्याने गाडीतळावर कर्ण्यातून ओरडणाऱ्या एका माणसाची पावडर आणून दिली. त्या माणसाला म्हणावं, दुधातून घे. त्या माणसाने घेतली. परिणाम एवढाच झाला की दिवसभर धारवाल्यांचं डोकं ठणकत राहिलं आणि कान लाल झाले. दुपारपर्यंत गिरणीत जो तो खोलीच्या दारातून डोकावून विचारू लागला, "काय धारवाले, कसा आहे आता तो माणूस?" गाडा ढकलणाराही विचारून गेला. मालकांनी विचारलं नाही, पण छत्री काढताना जरा जास्त वेळ घेतला.

इकडे वहिनीचा शोध वेगळ्या वाटेने चालला होता. इस्त्री करणाऱ्या बाईला माणूस वाचायला तोंड लागत नाही, शर्ट पुरतो. कुणाच्या कोपरावर शाई, कुणाच्या कॉलरवर रंग, कोण बाहेर जेवला, कोण घरी रडला, सगळं टेबलावर येतं. तिने नवऱ्याचे शर्ट असेच वाचून काढले होते. आणि एका दुपारी, गिरणीला सुट्टी असताना, धारवाले जेवून उठले तशी ती म्हणाली, "अहो, बसा जरा."

ते स्टुलावर बसले. ती इस्त्री फिरवतच राहिली.

"ताईचा फोन आला होता. तिच्या लाँड्रीत भरवशाचं माणूस हवंय."

"मग?"

"मग मी येते म्हटलं."

"किती दिवस?"

"ते तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही."

बाही उलटली, दुसरी बाही आली.

"इथलं दुकान?"

"शर्ट लोकांचे, सुरकुत्या लोकांच्या. करेल कुणीतरी."

"आणि मी?"

तिने इस्त्री उभी करून ठेवली. "तुमचे शर्ट मी बघितले. कॉलर बघितली, खिसे बघितले, वास घेऊन बघितला. भुशाशिवाय काही नाही. म्हणजे दुसरी कुणी नाही. असती तर बरं झालं असतं हो, भांडता तरी आलं असतं. दुसरी नाही, याचा अर्थ पहिलीच नकोशी झाली. आता तर कानामागचा भुसासुद्धा उशीवर पडतो. रोज झटकते मी."

"तसं नाही गं."

"मग कसं आहे?"

"बघतोय मी."

"काय बघताय?"

"एकेक करून."

"एकेक करून घर रिकामं केलंत. चहा गेला, सायकल गेली, गादी गेली. आता माझा नंबर आहे, म्हणून मीच निघते." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त ऐकू येत होता. "माझ्या टेबलावर कापड करपलं ना, की मी एकच विचारते. आज नवीन काय आलं? नवी खळ आली का, नवी वायर आली का. आधी तेच बाजूला काढते. तुमच्यात नवीन काय आलं ते तुम्ही शोधा. माझी पुढच्या सोमवारी गाडी आहे."

तिने पुन्हा इस्त्री उचलली. प्रत्येक धंद्याचं आपलं एक शहाणपण असतं, आणि दोन शहाणपणं एका घरात नांदत असली तरी एकमेकांना विचारत नाहीत. गिरणीचं शहाणपण म्हणतं, चालत्याला हात लावू नये. इस्त्रीचं म्हणतं, नव्यावर भरवसा ठेवू नये. धारवाले पहिल्यांदाच बायकोच्या धंद्याने विचार करायला बसले, आणि नवीन काय आलं म्हणून मागे मागे जाता जाता गोळीपाशी येऊन थांबले.

आपण काय हुडकलं हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. त्यांची चूक तिथे झाली. नियमाप्रमाणे गोष्ट एकदम काढली आणि फळी कापायची वाट बघू लागले. मनाने बंद करायची नाही, हे डॉक्टरीणबाईचं वाक्य त्यांना आठवत होतं. पण सोमवार जवळ येत होता आणि सोमवार काही कुणाच्या सल्ल्याने थांबत नाही.

दोन-तीन दिवस काही झालं नाही. मग मान वळवली की डोक्यात बारीक वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. जमीन होडीसारखी डुलायची. झोप पुन्हा तुटली. आणि शनिवारी, भर कामात, ओंडक्यातली एक गाठ पट्ट्यासमोर आली आणि पट्टा किंचाळला. गाठ आली की पट्टा किंचाळतोच. दिवसातून कितीदा किंचाळतो. पण धारवाले कानस टाकून खोलीतून धावत बाहेर आले आणि त्यांनी मोठा खटका खाली ओढला.

यंत्र थांबलं. चाकं आपल्याच वजनाने थोडी फिरत राहिली, मग तीही थांबली. अशी शांतता की गाड्यावरून भुसा घरंगळलेला ऐकू आला.

"खिळा," धारवाले म्हणाले.

वैद्याने ओंडका ठोकला. कान लावला. पुन्हा ठोकला. "गाठ आहे रे," तो हळूच म्हणाला. "नुसती गाठ."

धारवाले होते तिथेच भुशात बसले. हात थरथरत होता, आणि तो लपवायला त्यांच्याकडे दुसरा हात होता, पण तोही थरथरत होता. मालक आले, त्यांनी खांबावरची छत्री काढली, बाहेर ऊन आहे हे बघितलं, परत अडकवली आणि म्हणाले, "वैद्या, ह्यांना घरी सोड."

वाटेत वैद्य हातोडी या हातातून त्या हातात करत राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशीचा खिळा मला ऐकू यायला हवा होता."

"खिळ्याचं जाऊ दे."

"जात नाही ना. तुझा जात नाही, माझाही जात नाही." थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "आणि ती पावडर. त्या माणसाला म्हणावं, फेकून दे."

दुकानात वहिनी डॉक्टरीणबाईचा पांढरा कोट इस्त्री करत होती. कोपऱ्यात बॅग भरून ठेवलेली. नवऱ्याचा चेहरा बघून तिने वायर काढली. वैद्य उंबऱ्यावरूनच परत फिरला.

"काय झालं?"

"गोळी सोडली मी."

"कुणी सांगितलं?"

"तूच म्हणालीस, नवीन काय आलं ते काढा. नवीन तीच होती."

ती बघत राहिली. गोळी कधी आली, उशीवर भुसा कधी पडायला लागला, ही दोन टोकं तिने मनात एकमेकांवर ठेवली, जशी ती शर्टाच्या दोन बाह्या ठेवते. बरोबर बसली.

"म्हणजे एवढ्या दिवसांत मी नकोशी वगैरे काही नव्हते?"

"नव्हतीस."

"मग तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

"पट्टा चांगला चालला होता," धारवाले म्हणाले, आणि एवढ्या वर्षांच्या संसाराने तिला तेही समजलं. तिने डोळे कोटाच्या बाहीला पुसले, मग बाहीवर पुन्हा एकदा गरम इस्त्री फिरवली आणि कोट हँगरला लावला. "चला. कोट पोचवायचाच होता."

दवाखान्यात गर्दी नव्हती. डॉक्टरीणबाईने दोघांना आत घेतलं. धारवाले खुर्चीच्या टोकावर बसले.

"एका माणसाचं विचारायचं होतं," ते म्हणाले.

वहिनीने भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडे नजर लावली.

"विचारा ना काका. तो माणूस कुठली गोळी घेतो?"

"माझीच."

"किती ताकदीची?"

"माझ्याएवढीच."

"आणि तो आज तुमच्याबरोबर आलाय का?"

वहिनी फुप्फुसांवरची नजर न काढता म्हणाली, "आलाय. हाच तो."

मग धारवाल्यांनी सांगितलं. पट्ट्यावर अंगठा फिरवताना मिटायचे तसे डोळे मिटून सांगितलं, एकही दात न गाळता. डॉक्टरीणबाईने मधे मान खाली घातली नाही, हसली नाही, फक्त ऐकलं.

"काका, लिंगाला ताठरता येते ती तिथे सुरू होत नाही," ती म्हणाली. "मेंदूतून निरोप निघतो, पाठीच्या कण्यातून खाली जातो, तिथल्या नसांना सांगतो की रक्तवाहिन्या सैल सोडा. मग रक्त भरतं आणि थांबतं. तुमची गोळी मेंदूत एक द्रव्य वाढवते. त्याने भीती उतरते, पण तेच द्रव्य ह्या निरोपाला आवर घालतं. सगळ्यांना होत नाही, पण बऱ्याच जणांना होतं. कुणाची इच्छा कमी होते, कुणाची ताठरता टिकत नाही, कुणाला शेवट गाठायला फार वेळ लागतो. यात तुमचाही दोष नाही आणि काकूंचाही नाही."

काकूंचा म्हणताना तिने वहिनीकडे बघितलं. वहिनीने फुप्फुसांना सोडलं आणि कोटाची हँगरवरची घडी उगाच सारखी केली.

"मग गोळी सोडली ते बरोबर केलं?" धारवाल्यांनी विचारलं.

"चूक केलंत. मेंदूला तिची सवय झाली होती, एकदम काढली म्हणून ह्या विजा आणि ही चक्कर. आणि भीती परत आली. भीतीसुद्धा तो निरोप अडवतेच. अंगाला वाटत असतं की पळायचंय. पळणाऱ्या अंगाला बाकी काही सुचत नाही. त्यात तुम्ही प्रत्येक वेळी परीक्षा घेत होतात. म्हणजे गोळीचं एक कारण आणि नापास होण्याच्या धास्तीचं दुसरं." ती जरा थांबली. "नीट विचारायला मीच हवं होतं. आणखी काही त्रास, म्हणजे काय, हे कुणालाच कळत नाही."

"तुम्ही सशासाठी भुसा न्यायला यायचात," धारवाले म्हणाले. त्यांच्या परीने ते कारण सांगत होते.

"हो. ससा मेला काका, आणि मी डॉक्टर झाले." तिने पुढ्यात कागद ओढला. "आता ऐका. आजपासून जुनीच गोळी परत सुरू. चक्कर जाऊ दे, हात स्थिर होऊ दे. मग हळूहळू ती कमी करत दुसऱ्या जातीची आणू, जी ह्या बाबतीत सहसा कमी आडवी येते. त्याआधी रक्तदाब आणि साखर तपासू, कारण हाच त्रास त्यांनीही होतो. तंबाखू सोडलीत ते चांगलंच केलंत, तेवढी परत धरू नका. गादी मात्र लेकीकडून आणायला हरकत नाही. गाडीतळावरची पावडर बंद. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल."

धारवाल्यांनी मान वर केली. इतका वेळ समोर शेंबूड पुसणारी पोर बसली होती. आता त्यांना पहिल्यांदा डॉक्टर दिसली.

"नक्की बरं होईल?" वहिनीने विचारलं.

"बहुतेक. वेळ लागेल, आणि पहिलीच बदली लागू पडेल असंही नाही. तोवर परीक्षा घ्यायची नाही. जवळ झोपा, गप्पा मारा. निकालाची घाई नको."

सोमवारी सकाळी वहिनीने ताईला फोन लावला. "ताई, गाडी चुकली गं."

पलीकडून ताई म्हणाली असावी की गाडी तर अजून सुटायची आहे.

"तरी चुकली," वहिनी म्हणाली. तिने बॅग उघडली आणि आतले कपडे घडी मोडली म्हणून पुन्हा इस्त्रीला घेतले.

दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं. नवी गोळी आली तिने आधी झोप जास्त आणली आणि भूक. धारवाले ताटात दोनदा वाढून घेऊ लागले. कमरेची नाडी सैल करावी लागली. मधे काही दिवस भीती दारात येऊन उभी राहिली, पण आत आली नाही. गादी परत आल्यावर जावयाला वाटलं, सासरे रागावले. चहा आला, सायकल आली. उशीवर मात्र बरेच दिवस भुसा पडत राहिला. वहिनी झटकत राहिली आणि काही बोलली नाही. पण तिने एका संध्याकाळी गरम पाण्याची बादली मोरीत नेऊन ठेवली. नुसती ठेवली, मागे वळून बघितलं नाही.

त्यानंतरच्या एका सकाळी वैद्य शर्ट घेऊन दुकानाशी आला. त्याला मेहुण्याकडे जायचं होतं आणि मेहुणा शर्टावरून माणूस ठरवणारा. दुकान बंद होतं. ते कधी बंद नसे. त्याने दारावर बोटाने ठोकलं आणि सवयीने कान लावला. आतून आधी वहिनीच्या हसण्याचा आवाज आला, मग धारवाल्यांचा. धारवाल्यांना हसताना वैद्याने आजवर ऐकलं नव्हतं, म्हणून आवाज ओळखायला जरा वेळ लागला.

त्याने चुरगळलेला शर्ट तसाच अंगात घातला आणि गिरणीत गेला.

"धारवाले कुठे आहेत?" मालकांनी विचारलं. "आजवर उशीर झाला नाही त्यांना."

"येतील," वैद्य म्हणाला.

"तब्येत बरी आहे ना?"

वैद्याने हातोडी उचलली. ज्या माणसाने एका दुपारात अख्ख्या गिरणीला 'त्या माणसा'ची खबर दिली होती, त्याने या वेळी कुणालाही काहीही सांगितलं नाही.

"ठोकून बघितलंय," तो म्हणाला. "खिळा नाही."

मालकांनी मान हलवली आणि छत्री अडकवली. थोड्या वेळाने धारवाले आले, कुणाकडे न बघता मागच्या खोलीत गेले आणि कानस उचलली. कानामागची कातडी साबणाने घासून लाल झालेली होती. यंत्र सुरू झालं, पट्ट्याचा आवाज चढत गेला, आणि कानस जशी चालली होती तशीच चालत राहिली.